आजोबांनी पळवलेला दिवस

ऑपरेशनच्या तोंडावर पेशंट वॉर्डातून नाहीसा होतो. खाट रिकामी, सोबतचा म्हाताराही गायब. दवाखान्यात धावपळ उडते, वर्तमानपत्रवाल्यांना सुगावा लागतो, जबाबदारी कुणाची यावर बोलाचाली सुरू होते. सगळ्यांत जास्त संतापतात ते डॉक्टर, कारण आजार थांबून राहणारा नाही. मग म्हातारा नातवाला घेऊन आपल्या पायांनी परत येतो. तो पळून गेलाच नव्हता. ऑपरेशन झालं की पोराचे डोळे जाणार हे त्याला कळलं होतं, म्हणून जाण्याआधी त्याला शहर दाखवायला घेऊन गेला होता.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ ज्यांनी पाहिला आहे त्यांना या भागाची आठवण करून द्यावी लागत नाही. सावंतांचा हा पहिलाच चित्रपट, कथा माधवी घारपुरे यांची. परशुराम विचारे या पोराच्या भूमिकेत अश्विन चितळे, आजोबा केशव विचारे म्हणजे अरुण नलावडे, डॉक्टर मिलिंद साने म्हणजे संदीप कुलकर्णी आणि आसावरी ही वैद्यकीय समाजसेविका म्हणजे अमृता सुभाष. १९५३ च्या ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ पुन्हा मराठीत यायला पन्नास वर्षं लागली, ते २००४ साली ‘श्वास’ने आणलं. अश्विन चितळेलाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून चित्रपट ऑस्करला गेला आणि तिथल्या प्रसिद्धीचा खर्च निघावा म्हणून गावोगावच्या लोकांनी पैसे गोळा केले. पुरस्कारांचं पुराण एवढं पुरे. त्या गदारोळात एक तोटा झाला. ‘श्वास’ म्हणजे रुमाल घेऊन बघायचा चित्रपट, असं एकदा ठरलं, आणि मग त्यात काय काय बारकाईनं केलं आहे याची चर्चा मागे पडली.

हळ्ळीखेडला आम्ही तो पाहिला सीडीवर. हळ्ळीखेड (बी) हे बिदर जिल्ह्यातलं, हुमनाबाद तालुक्यातलं गाव. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत कानडी, बाजारात दोन्हींत उर्दूची फोडणी. केशव विचाऱ्यांची कोकणी वळणाची बोली आमच्या कानाला परकीच. पण चित्रपटाचा पहिला अर्धा तास आमच्या घरात कुणालाही समजावून सांगावा लागला नाही. दूरच्या गावाहून डोळे दाखवायला मोठ्या शहरात जाणं म्हणजे काय, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. हुमनाबादला येऊन सोलापूर-हैदराबाद महामार्ग धरायचा, ऐपत आणि ओळख असेल त्याप्रमाणे एक तर हैदराबाद गाठायचं, नाही तर सोलापूर. पहाटेची गाडी, फडक्यात बांधलेल्या भाकरी, शहर माहीत असलेला एखादा मेव्हणा सोबतीला. तिथे गेल्यावर बाहुली मोठी करणारे थेंब घालून दोन तास बाकावर बसवून ठेवतात, आणि सही करायच्या कागदावर इंग्रजी. ‘श्वास’मध्ये असा मेव्हणा आहे, मामा आहे तो पोराचा, दिवाकर नावाचा. असा माणूस नेहमी थोडा जास्त बोलतो आणि त्याला थोडंच जास्त कळत असतं. पटकथेनं त्याला बरोबर टिपलं आहे.

पोराला ‘रेटिनोब्लास्टोमा’ आहे, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कर्करोग. लहान मुलांचाच हा आजार. साधारण १५,००० ते २०,००० जन्मांत एखाद्या बाळाला होतो, बहुतेकदा पाचव्या वर्षाच्या आत दिसून येतो, आणि दोन्ही डोळ्यांत असला तर त्याच्या मुळाशी जन्मजात जनुकदोष असतो. परशुरामचं निदान उशिरा झालं आहे. नजर अंधुक होत चालली आहे, आणि आता जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. हे वाक्य डॉक्टरांना रोज कुणाला ना कुणाला सांगावं लागत असणार. त्यामुळे साने ते भरभर बोलतात. निष्ठुर नाहीत, पण बाहेर रांग आहे. समोरच्या म्हाताऱ्याला त्या वाक्याच्या आत शिरायलाच कितीतरी वेळ लागतो. या दोन वेगांच्या फरकावर चित्रपटाचा पहिला भाग उभा आहे, आणि तो फरक दाखवायला दिग्दर्शकानं कुणालाही खलनायक केलेलं नाही.

अरुण नलावडे इथे काय करतात ते पुन्हा पुन्हा बघण्यासारखं आहे. दुःखाचा अभिनय ते करतच नाहीत. आधी ते न कळण्याचा अभिनय करतात. मग कळलं आहे पण पटलं नाही याचा. मग पटलं आहे पण दुसरा कुणीतरी वेगळं सांगेल या आशेचा. या तिन्ही पायऱ्यांवर चेहरा जवळजवळ तोच, पण नजर कुठे ठेवायची हे बदलत जातं. न कळण्याच्या वेळी ते डॉक्टरांकडे बघतात, कळल्यावर पोराकडे बघणं टाळतात. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचं दुःख दाखवायचं म्हटलं की नट आवाज कापरा करतो. नलावड्यांनी तो मोह टाळला, आणि त्यामुळे पोराला घेऊन निघून जाण्याचा त्यांचा निर्णय खरा वाटतो. रडून मोकळा झालेला माणूस असलं काही करत नाही.

आसावरीबद्दल लिहिणारे तिला प्रेमळ म्हणून मोकळे होतात. मला तिचं महत्त्व दुसऱ्या कारणासाठी वाटतं. ती नोकरीवर आहे. डॉक्टर आणि केशवराव यांच्यामध्ये उभं राहून एकाचं दुसऱ्याला समजावणं हे तिचं ठरलेलं काम आहे, त्याचा तिला पगार मिळतो. आशा, धीर वगैरे शब्द आपण फार हवेत बोलतो. या चित्रपटात धीर देण्यासाठी एक जागा आहे, त्या जागेवर एक शिकलेली मुलगी आहे आणि तिच्याकडे वेळ आहे. आमच्याकडच्या किती दवाखान्यांत अशी खुर्ची असते, हा प्रश्न चित्रपट संपल्यावरही डोक्यातून जात नाही.

आता तो दिवस. आजोबांनी पोराला बाहेर का नेलं याचा सर्वसाधारण अर्थ असा लावतात: पुढच्या जन्मभराच्या अंधारासाठी त्यांनी नातवाला दृश्यांची शिदोरी बांधून दिली. वाक्य गोड आहे. परीक्षणांत, शाळांच्या निबंधांत, भाषणांत ते कितीदा तरी भेटतं. पण तपासून पाहिलं तर ही शिदोरी फार दिवस टिकणारी नाही.

१८८८ साली जोसेफ जॅस्ट्रो या मानसशास्त्रज्ञानं अंध माणसांच्या स्वप्नांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण पाच ते सात वर्षांच्या आत ज्यांची दृष्टी गेली त्यांच्या स्वप्नांत पुढे चित्रं उरत नाहीत, त्यानंतर गेली तर बऱ्याचदा उरतात, असं त्याला आढळलं. परशुराम त्या सीमेच्या आसपासचाच. त्याच्याजवळ काय उरेल हे सांगता येत नाही. आणि मोठेपणी दृष्टी गेलेल्यांचंही दृश्यांचं गाठोडं हळूहळू रिकामं होतच असतं. जॉन हल या प्राध्यापकाची गोष्ट या बाबतीत ऐकण्यासारखी आहे. जन्म १९३५ चा, ऑस्ट्रेलियातला, नोकरी इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठात. डोळ्यांचं दुखणं पोरवयापासूनचं, एकेक ऑपरेशन, एकेक पायरी खाली, आणि १९८० पर्यंत जवळजवळ सगळं गेलं. १९८३ पासून तीनेक वर्षं त्यानं कॅसेटवर आपली रोजनिशी बोलून ठेवली. तिचं पुस्तक १९९० साली निघालं, आणि त्याच्या मृत्यूनंतर, २०१६ साली, त्याच मूळ कॅसेटींच्या आवाजावर ‘नोट्स ऑन ब्लाइंडनेस’ हा चित्रपट आला. हल सांगतो की बायकोचा, मुलांचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला त्याला जड जाऊ लागलं. जे आठवायचं ते जुन्या फोटोतलं. माणूस समोर बसलेलं आणि आठवतो तो फोटो, हे त्याला फार लागलं. शेवटी त्यानं चेहरे धरून ठेवायची धडपडच सोडून दिली.

मग केशवरावांचा तो दिवस वाया गेला का? पोराला पुढे आठवणारच नसेल तर कशाला एवढा खटाटोप, डॉक्टरांच्या शिव्या कशाला खाल्ल्या?

आमचे अण्णा, म्हणजे माझे चुलते, यांच्यासोबत हा चित्रपट पाहिल्यापासून माझ्यापुरतं याचं उत्तर ठरलं आहे. अण्णांना ‘रेटिनायटिस पिगमेंटोसा’ आहे. डोळ्याच्या पडद्यातल्या अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशी या आजारात आधी मरतात. म्हणून सुरुवात रातांधळेपणानं होते, मग बाजूचं दिसणं आकसत जातं, आणि शेवटी समोर एक गोल उरतो, तो वर्षावर्षानं लहान होत जातो. जगात साधारण ४,००० माणसांत एकाला हे असतं. आजार वंशातून येतो. आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून तोच दोष आला तर तो उमटतो, असे त्याचे बरेच प्रकार. आमच्या सीमाभागात मामाच्या पोरीशी, क्वचित मामाशीच, सोयरीक करायची जुनी रीत आहे, तेव्हा असा योग जुळायला वेळ लागत नाही. २०१७ च्या अखेरीस अमेरिकेत एका जनुकदोषावरच्या उपचाराला मान्यता मिळाली, पण तो मोजक्याच रुग्णांच्या कामाचा.

अण्णा टीव्ही बघताना भिंतीला पाठ लावून, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला बसतात. नवखा माणूस म्हणतो, “अहो, दिसत नाही तर पुढं या की!” पुढे आलं तर पडदा त्यांच्या गोलात मावत नाही. जितकं लांब तितकं चित्र लहान, आणि लहान चित्र पुरतं दिसतं. थिएटर त्यांनी फार आधी सोडलं, कारण अंधारात खुर्चीपर्यंत पोचायचं कसं. वर्तमानपत्र मात्र ते अजून वाचतात. पुस्तकाची ओळ रुंद, तिच्या शेवटाला पोचेपर्यंत पुढच्या ओळीचं तोंड हरवतं. पेपरचा कॉलम अरुंद, तो गोलात बसतो. शिस्तीचा हा माणूस, आता कोणतं काम कुठल्या उजेडात करायचं याचं वेळापत्रक लावून जगतो. बाजार सकाळी, हिशेब दुपारी खिडकीत, दिवेलागणीच्या आत घरी. रात्री फोन त्यांना निरोप वाचून दाखवतो आणि फोनमधल्या त्या बाईचे मराठी उच्चार ते तिला ऐकू जाणार असल्यासारखे दुरुस्त करत बसतात.

त्या दिवशी ‘श्वास’ पाहताना अण्णांच्या गोलात एका वेळी एकच काहीतरी येत होतं. म्हाताऱ्याचा चेहरा बघायचा की पोराचा, हे त्यांना दरवेळी ठरवावं लागत होतं. मान हलायची त्यावरून मला कळायचं. बहुतेक वेळ ते पोराकडेच बघत होते. आजोबा पोराला घेऊन परत येतात तिथे खोलीत सगळ्यांचे डोळे भरले होते, आणि अण्णांनी विचारलं, “काय काय खाऊ घातलं असंल की त्यानं पोराला?”

हा प्रश्न मला अजून पुरतो. शिदोरीवाल्या अर्थात पोरगं म्हणजे नुसते दोन डोळे, ज्यांच्यात आजोबा घाईघाईनं शहर भरत आहेत. अण्णांना दिसलं ते दिवसभर शहरात हिंडलेलं आख्खं पोरगं. त्याला भूक लागली असणार, पाय दुखले असणार, त्यानं हट्ट केला असणार, गर्दीत आजोबांचा हात घट्ट धरला असणार. वॉर्डात ते पेशंट होतं. बाहेर गेल्यावर ते पुन्हा नातू झालं. आजोबांनी पोराला परत आणलं ते आजारपणातून, आणि तेही एका दिवसापुरतंच. एवढ्यासाठी एवढी जोखीम घ्यावी की नाही याचा जाब डॉक्टरांना मागायचा अधिकार आहे, आणि चित्रपट तो अधिकार नाकारत नाही. सान्यांचा राग खोटा दाखवलेला नाही. नंतर त्यांना जे उमगतं त्यानंही ते चुकीचे ठरत नाहीत. दोन्ही बाजू खऱ्या ठेवून प्रसंग तोलणं हे पटकथेचं मोठं काम, आणि माझ्या मते ‘श्वास’ला सुवर्णकमळ मिळालं ते इथे.

म्हणून दृश्यं उरोत की विरोत, तो दिवस वाया जात नाही. तो पुढच्यासाठी नव्हताच. हळूहळू दृष्टी जात असलेल्या माणसाला घरातले सगळे पुढचंच विचारत असतात: आणखी किती वर्षं, मग कसं करणार, पेन्शनचं काय, अपंगत्वाचा दाखला काढला का. प्रश्न रास्त आहेत. दाखला काढावाच. २०१६ च्या कायद्यानं अंधत्वाबरोबर अल्पदृष्टीलाही स्वतंत्र जागा दिली आहे आणि तिचे लाभ सोडण्यात काही शहाणपण नाही. पण ज्याला आज एक गोल दिसतो आहे त्याच्यासाठी आजचा दिवस हा उद्याच्या अंधाराची प्रतीक्षाखोली नसतो. केशवरावांना शाळा किती झाली होती कोण जाणे, पण हे त्यांना कळलं होतं, आणि कुणाची परवानगी न घेता त्यांनी ते करून टाकलं.

हलच्या पुस्तकात पुढे जे येतं ते याच अंगानं वाचावं. चेहरे सुटले, आणि मग एके दिवशी दार उघडून तो उंबऱ्यावर उभा राहिला तर बाहेर पाऊस पडत होता. पावसाच्या आवाजानं त्याला अंगण मिळालं. डावीकडे कशावर तरी टपटप, समोर हिरवळीवर मऊ, झुडपांवर वेगळा, पायरीवर वेगळा, लांबच्या कुंपणावर आणखी वेगळा. एरवी आंधळ्या माणसाला एका वेळी एकच वस्तू मिळते, हाताला लागेल ती. पावसानं सगळं एकदम मांडलं, जवळचं जवळ आणि लांबचं लांब. हलच्या मनात आलं, असा पाऊस घरात पडला तर खोलीसुद्धा अशीच दिसेल. २०१६ च्या चित्रपटात दिग्दर्शकांनी खरोखरच घरात पाऊस पाडला आहे. टेबलावर, कपबश्यांवर, भांड्यांवर थेंब पडतात आणि एकेक वस्तू आवाजातून उभी राहते. डोळसांसाठी चित्रपट करून आंधळ्याचं दिसणं दाखवायचं, या अवघड कामात मला माहीत असलेला हा सर्वांत सुंदर प्रसंग.

हे वाचल्यावर आमच्याकडचा पाऊस मीही कान देऊन ऐकला आहे. बिदरच्या पठारावर कोकणासारखाच तांबडा जांभा, खाली उतरलं की काळी माती. अंगणातल्या शहाबादी फरशीवर थेंब पडला की तो फुटल्याचं कळतं. गोठ्याच्या पत्र्यावर दुसरं काही ऐकूच देत नाही. तुरीच्या पानांवर पाऊस कुजबुजतो, उसाच्या पानांवर सरसरतो. अण्णांना विचारलं तर म्हणाले, “पत्र्यावरचा नको, त्यात बाकी समदं बुडतंय.” हलला अंगणातल्या पावसानं जे दिलं त्यातली ही अडचण त्याच्या पुस्तकात नाही. इंग्लंडच्या पावसाला एवढा जोर नसावा.

‘श्वास’मधलं कोकण हिरवंगार आहे, आणि माझी एक तक्रार त्याच्याचबद्दल. दवाखान्यातली दृश्यं आणि गावच्या आठवणी यांची अदलाबदल करत गोष्ट पुढे सरकते, ते योग्यच आहे. पण आठवणीतलं गाव जरा जास्तच देखणं झालं आहे. गमावलं जाणारं सगळं डोळ्यांनीच बघायचं आहे, असा त्यामुळे समज होतो. मातीला वास असतो, विहिरीच्या पाण्याला चव असते, आणि ती पोराकडून कुणी काढून घेणार नाही हे चित्रपटाला अधिक ठसवता आलं असतं. भास्कर चंदावरकरांचं पार्श्वसंगीत संयमी आहे, त्याच्या भरवशावर कॅमेऱ्यानं थोडं मागे सरायला हवं होतं. वर्तमानपत्रवाल्यांचा उपकथाभागही मला पातळ वाटतो. तो नसता तरी आजोबांच्या जाण्याचा ताण कमी झाला नसता.

एका मराठी बाईनं हिंदीत केलेला चित्रपट इथे शेजारी ठेवून बघावा. सई परांजपे यांचा ‘स्पर्श’, १९८० चा. त्यात अंधशाळेचा मुख्याध्यापक अनिरुद्ध स्वतः अंध आहे, आणि भूमिका नसीरुद्दीन शाहांची. दिल्लीतल्या एका खऱ्या अंधशाळेत तो चित्रित झाला, आणि तिथल्या मुलांनीच त्यात कामं केली. अनिरुद्धला मदत चालते, दया चालत नाही, आणि शबाना आझमींची कविता त्याच्यावर प्रेम करते की उपकार, या शंकेत तो स्वतःचंच नुकसान करून घेतो. ‘श्वास’ संपतो तिथून पंचवीस-तीस वर्षांनी परशुरामचं काय झालं असेल याचं एक उत्तर ‘स्पर्श’ आधीच देऊन बसला आहे: तो कुणीतरी झाला असेल, चिडका, हुशार, लोकांना शिकवणारा, प्रेमात गोंधळलेला. म्हणजे माणूस. दोन्ही चित्रपट लागोपाठ बघितले तर ‘श्वास’चा रडका शिक्का आपोआप पुसला जातो.

आमच्या वाङ्मयात हे असं पाहायला वेळ लागला. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका, पांगळा हे सगळे येतात. ते येतात रूपक म्हणून, अज्ञानानं ग्रासलेल्या जिवाचे प्रतिनिधी म्हणून. भारूड म्हणून त्यांची ताकद वादातीत. पण ते सादर होताना समोरच्या मंडळीत खरोखरचा आंधळा बसलेला असेल तर त्याला काय वाटत असेल, हे विचारायची पद्धत नव्हती. ‘श्वास’नं आंधळेपणाचं काहीही रूपक केलं नाही. तो आजार आहे, त्यावर ऑपरेशन आहे, त्याचा परिणाम आहे आणि परिणामानंतर घरी जायचं आहे. एवढी रोखठोक भूमिका मराठीत तोवर विरळा होती. हुमनाबादला लागून असलेल्या माणिकनगरात माणिकप्रभूंच्या संस्थानाची अंध मुलांची शाळा आहे. त्या मुलांकडे पाहूनही रूपक सुचत नाही.

आणि घरी जाण्याचा तो शेवट. काळा चष्मा लावलेलं पोरगं आजोबांसोबत होडीतून गावाकडे येतं. ऑपरेशन यशस्वी झालं की नाही, हा प्रश्न इथे मागे पडलेला असतो. पोरगं जिवंत आहे, पाण्यावर आहे, आणि गाव त्याची वाट बघत आहे. दिग्दर्शकानं इथे भाषण टाकलं नाही, कुणाच्या तोंडी तत्त्वज्ञान घातलं नाही. ‘श्वास’ निर्दोष नाही हे वर लिहिलंच आहे. तरी गेल्या पन्नास वर्षांत मराठीत आजारपणावर निघालेल्या चित्रपटांत मी त्याला पहिला ठेवेन, आणि तो त्याच्या अश्रूंसाठी नव्हे, आजोबांनी पळवलेल्या त्या एका दिवसासाठी.

चित्रपट बनला तेव्हापासून वैद्यक पुढे गेलं आहे, ते बघणाऱ्यांना ठाऊक असायला हवं. रेटिनोब्लास्टोमा वेळेवर सापडला तर औषधं आणि लेझर यांच्या मदतीनं आज पुष्कळ मुलांचा जीव वाचतो, आणि बऱ्याच जणांचा डोळाही. ओळखायची खूण साधी आहे. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बाळाची एक बाहुली लाल किंवा काळी दिसण्याऐवजी पांढरी चमकते, किंवा तिरप्या उजेडात मांजराच्या डोळ्यासारखी दिसते. काही बाळांचा डोळा तिरळा होतो. असं काही दिसलं तर “मोठेपणी जाईल” म्हणून थांबू नका, कुणाच्या सांगण्यावरून डोळ्यात मध किंवा पाला पिळू नका. हैदराबाद जवळ पडो की सोलापूर, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि तो फोटो सोबत ठेवा.